हलायला जागा

कापूरहोळच्या फाट्यावर सकाळची भोर-स्वारगेट एसटी येते ती भरूनच. दार उघडलं की आधी आतली वाफ बाहेर येते, मग दोन माणसं उतरतात आणि मग आपण कसेबसे आत घुसतो. या गाडीत इतकी वर्षं मला बसायला जागा मिळत आली, त्यात माझी कर्तबगारी काही नव्हती. मधल्या एका बाकावर खिडकीशी गायकवाड मॅडम बसलेल्या असायच्या आणि शेजारी त्यांची तपकिरी रेक्झिनची पिशवी. भोरपासून कापूरहोळपर्यंत त्या पिशवीपायी किती जणांशी वाजायचं हे मॅडम कधी सांगत नसत. कंडक्टर मात्र सांगायचा. "पिशवीचं तिकीट काढा की मॅडम," तो म्हणायचा. मॅडम खिडकीबाहेर बघतच म्हणायच्या, "तिचं मानूस येतंय कापूरहोळला." मी दिसलो की पिशवी उचलून मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बस."

पुढं शिवरे येईपर्यंत बहुधा एक शब्द नाही. दोघंही दमलेलेच असायचो. सकाळी सकाळी माणूस दमलेला कसा, हे ज्यांनी घरचं सगळं आवरून नोकरीची गाडी गाठली आहे त्यांना विचारायला लागणार नाही.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला, पत्र्याच्या दोन शेडमध्ये आमचा स्प्रिंगांचा कारखाना. मी तपासणीत, मॅडम डिझाईनला. आमच्याकडे बनतात त्या वेव्ह स्प्रिंगा. पेनातली गोल तारेची स्प्रिंग सगळ्यांनी पाहिलेली असते. आमची तार चपटी, पट्टीसारखी. तिचे वेढे घेताना ती लाटेसारखी वर-खाली वळवायची आणि एका वेढ्याचा उंचवटा पुढच्या वेढ्याच्या उंचवट्याला टेकवायचा. असं केलं की साधी स्प्रिंग जेवढा जोर देते तेवढा ही जवळपास निम्म्या उंचीत देते. म्हणून जिथं मुळात जागाच नाही तिथं हिला बोलावतात. पंपाच्या सीलमध्ये, बेअरिंगच्या मागं, व्हॉल्व्हच्या पोटात.

"निम्म्या जागेत पूर्ण काम" असा एक फलक शेठनी ऑफिसात लावला होता. मॅडमना तो आवडायचा नाही. "निम्म्या जागेत काम करती म्हनून हे लोक त्यातली बी निम्मी काढून घ्यायला बघत्यात," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक उंची आणखी कमी करा आणि जोर आणखी वाढवा, एवढंच घेऊन यायचं.

सुलभा गायकवाड हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर भोरचंच, वडील शाळेत मास्तर. डिप्लोमा करून, एवढी वर्षं ड्रॉइंग काढूनही त्यांची बोली काही सुटली नव्हती. बांधा बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि चष्मा कायम डोक्यावर. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्याला पुरेल एवढी खीर डब्यातून आणायच्या, त्या दिवशी माझी मांडी त्या डब्यासाठी. एरवी कुणाच्या वाढदिवसाला, नारळ फोडायला किंवा फोटोला त्या हटकून नसायच्या. कुठं आहेत म्हणून बघावं तर तारेच्या रिळांच्या मागं उभ्या, हातात जाडी मोजायचं गेज.

त्यांचे तीन प्रश्न आमच्याकडे सगळ्यांना पाठ होते. कुठं बसनार? किती दाबनार? किती वेळा दाबनार? एकदा एका पंपवाल्या कंपनीचा तरुण इंजिनिअर आला होता. सूटबूट, लॅपटॉप. त्यानं जोर किती हवा तो आकडा सांगितला आणि भाव विचारला. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ती बसनार कुठं?"

"हाउसिंगमध्ये. पंपाच्या कवचात."

"हाउसिंगचं भोक केवढं? मधून दांडा जातो का? दाबून एकदाच बसवायची का दर मिनिटाला खालीवर होनार? पानी लागनार का, गरम होनार का?"

त्याच्याकडे निम्मी उत्तरं होती. उरलेली त्यानं फोनवर कुणाला तरी विचारून घेतली, आणि दुपारी कँटीनमध्ये आमच्याबरोबर जेवताना तोच म्हणाला, "मॅडम, आमचा माल का तुटतो ते आज कळलं." मॅडम म्हणाल्या, "अजून कुठं कळलंय. आत्ता कुठं विचारलंय." आणि त्याला लोणचं वाढलं.

त्यांची दोन तत्त्वं होती आणि त्यावर त्या शेठशीसुद्धा भांडायच्या. पहिलं, स्प्रिंग कधी पुरती सपाट होईल एवढी दाबायची नाही. दाबून झाल्यावरही तिच्यात थोडी लाट उरली पाहिजे. "सपाट झाली की स्प्रिंग संपली. मग तो नुसता वायसर," असं म्हणायच्या. दुसरं, ती दाबली की रुंदावते. लाट चपटी होते तशी पट्टी थोडी बाहेर सरते, केसभरच, पण सरते. म्हणून बाहेरच्या भोकात तिच्यासाठी फट ठेवायची. या फटीला ड्रॉइंगवर इंग्रजीत काय लिहायचं ते लिहीत, पण बोलताना त्यांचा शब्द ठरलेला होता, हलायला जागा. "हलायला जागा दिली का?" असं विचारत त्या शेडभर फिरायच्या.

हे तीन प्रश्न कारखान्याबाहेरही चालायचे. आमच्या पॅकिंगमधली संगीता, तिच्या मुलीला पुण्यातलं स्थळ आलं. एकत्र कुटुंब, दोन खोल्या, मुलगा चांगला. संगीता पेढे घेऊनच मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "पोरगी बसनार कुठं? दोन खोल्यांत किती जन? नोकरी करू देनार का, आन् करू दिली तर सैपाक कोन करनार?" संगीता चिडली. पण बैठकीत तिनं हे सगळं मुलाच्या आईला तोंडावर विचारलं. मुलाची आई म्हणाली, "मला कुनी विचारलं न्हवतं ओ असं." सोयरीक झाली. पोरीचं चांगलं चाललंय. लग्नात मॅडमना पहिला आहेर होता, त्या तेव्हाही मांडवात नव्हत्या. आचाऱ्यापाशी उभ्या होत्या.

एकदा एक तातडीचं ड्रॉइंग सहीला घेऊन मी त्यांच्या भोरच्या घरी गेलो. बाजारपेठेच्या मागची गल्ली, तीन छोट्या खोल्या. पहिल्या खोलीत त्यांचे यजमान कॉटवर. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली, बोलणं अडकत. मधल्या खोलीत सासूबाई, त्यांना मॅडम आत्या म्हणायच्या. दृष्टी अधू, म्हणून टीव्ही मोठ्यानं. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला आणि त्यांचं तान्हं बाळ त्या आठवड्यात इकडे. मॅडमनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि स्वतःचा कप घेऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बसा की." तर म्हणाल्या, "बसले की कुनीतरी हाक मारतंय. उभ्यानं पिऊन झालेला बरा." तेवढ्यात आत्यांनी हाक मारलीच. कप अर्धाच राहिला.

त्या दिवशी मॅडम खाली सोडायला आल्या तेव्हा जिना उतरताना मी सहज विचारलं, रिटायर झाल्यावर काय करणार. मला वाटलं सहलीला जाईन म्हणतील.

"दुपारी एक तास बसनार," त्या म्हणाल्या.

"म्हणजे झोपणार?"

"झोप न्हाई. जागं ऱ्हाऊन काहीच करनार न्हाई. एक तास. लई दिवस मनात हाय." हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणाकडे सोनं मागितलंय.

माणसाची तुलना स्प्रिंगशी करायचा मोह मला होतो, नाही असं नाही. पण मॅडमनी ते चालू दिलं नसतं. स्प्रिंगचं गणित तरी मांडता येतं, असं म्हणाल्या असत्या.

त्यांच्या यजमानांचं गाव वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. गावाची विहीर खाली ओढ्याकाठी, टाकी वर चढावर. मधे पंप. एका उन्हाळ्यात त्या पंपाचं सील गळायला लागलं. आतली स्प्रिंग मोडली होती आणि तशी बाजारात मिळेना. बायका हंडे घेऊन चढ चढायला लागल्या. मग गावाला आठवण झाली की आपली एक सून स्प्रिंगांच्या कारखान्यात आहे. पंप बघणाऱ्या बबनचा फोन आला, "वयनी, तेवडी एक स्प्रिंग तुमीच करून द्या."

मॅडमनी मापं मागवली, शेठची परवानगी घेतली, पाण्यात गंजू नये म्हणून स्टेनलेसची पट्टी निवडली आणि जीव लावून स्प्रिंग केली. दोन केल्या, एक जादा असावी म्हणून. ती बसली, पंप चालला, गावानं फोन करून आशीर्वाद दिले. पंधरवडा झाला आणि ती मोडली. दुसरी बसवली, तीही मोडली. मॅडमनी सगळं पुन्हा तपासलं. पट्टी, जोर, उंची, उष्णता दिलेली बरोबर का. माझ्याकडून तिसरी स्प्रिंग दिवसभर दाबून घेतली. ती ठणठणीत. त्या आठवड्यात एसटीत त्या पहिल्यांदा माझ्याशी भरपूर बोलल्या आणि तेही एकच, "सासरच्या गावात पानी न्हाई, आन् चूक सापडंना."

शेवटी एका रविवारी नसरापूरहून वेल्ह्याची गाडी धरून आम्ही दोघं गेलो. बबननं आमच्यासमोर पंप खोलला. हाउसिंगच्या आतून, गोलात, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी नीट कापून बसवली होती. कडा कानशीनं घासलेल्या. काम सुबक होतं.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

बबन आधी माझ्याकडं बघून घुटमळला. मग हळू आवाजात म्हणाला, "वयनी, तुमची स्प्रिंग जरा ढिली बसत व्हती. बोटानं हालत व्हती. एवड्या बारीक कामात व्हतं मानसाचं इकडंतिकडं. म्हनून म्या पट्टी मारून गच्च केली. गावात कुनाला बोललो न्हाई. तुमचं नाव खाली नगं जायला."

मॅडम विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मला वाटलं आता चिडतील. पण तो माणूस दोन्ही वेळा त्यांची चूक पदराखाली झाकत होता, त्याच्यावर चिडणार कसं? त्यांनी हातातली काचेची बांगडी काढली, कठड्यावर ठेवली, तिच्यात आणलेली नवी स्प्रिंग ठेवली. "हालव बांगडी," म्हणाल्या. बबननं हलवली, बांगडी सहज फिरली. मग एक सपाट दगड स्प्रिंगवर ठेवून मॅडमनी तळव्यानं जोर दिला. "आता हालव." बांगडी हलेना. स्प्रिंग दाबली गेली तशी बाहेर सरून बांगडीला आतून टेकली होती. बबन वाकून बघत राहिला.

"ती ढिली न्हवती बबनभाऊ," मॅडम म्हणाल्या. "ती तिची हलायला जागा होती. तुमी ती भरली, मग दर वेळी दाबली की ती पत्र्याला घासत गेली."

"आरं द्येवा," बबन म्हणाला आणि खाली बसला.

"चूक माझी. कागदावर लिहिलं होतं, तोंडानं सांगितलं न्हाई."

पत्रा काढला, स्प्रिंग बसवली. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा बबननं तो पत्रा लांब ओढ्यात भिरकावून दिला. ती स्प्रिंग अजून चालू आहे. परतीच्या गाडीत, चेलाडीचा फाटा आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? फट दिसली की भरावीशी वाटतीच मानसाला. मायेनंच भरतो." मग डोळे मिटून घेतले.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला आणि गेला. शेठ म्हणाले, "मॅडम, एवढं एक ड्रॉइंग." त्या एका ड्रॉइंगला दिवाळी उलटली. मग आणखी एक. शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच मॅडमशिवाय सुचत नाही. नवीन मुलं घेतली, ती शिकली आणि पुण्याला जास्त पगारावर गेली. शेवटी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा कुठं निरोपसमारंभ ठरला. शाल, नारळ. या वेळी मॅडमना पुढं बसावंच लागलं. शेठ भाषणात म्हणाले, "मॅडम आता रिकाम्या झाल्या. म्हणजे आता आपल्याला जास्त वेळ देतील." सगळे हसले. मॅडम शालीची घडी घालत होत्या.

नंतर मला गाडीत उभ्यानं जायची सवय लागली. अधूनमधून कळायचं. बाळ आता कायमचं भोरलाच आहे, आजी घरी आहे म्हणून. गल्लीतली पोरं संध्याकाळी गणितं घेऊन येतात, मॅडम घरीच असतात म्हणून. आत्यांची एक बहीण राहायला आली आहे, करणारं माणूस घरात आहे म्हणून. एकदा संगीता भेटायला गेली होती, तिला चहा मिळाला. मी विचारलं, मॅडमनी बसून घेतला का? संगीताला प्रश्नच कळला नाही.

गेल्या महिन्यात शेठनी मला बोलावलं. मोठं काम आलं होतं, फारच कमी उंचीची स्प्रिंग, आणि नवीन मुलाचा हिशेब जमत नव्हता. फाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "भोरला जा. त्यांना म्हणावं आठवड्यातून दोन दिवस या. घरी बसून तरी काय करतायत?" मी गेलो. नाही म्हणायची माझी टाप नाही आणि खरं सांगायचं तर मलाही त्या परत यायला हव्या होत्या. माझी जागा गेली होती.

घरी आत्या होत्या, यजमान कॉटवर, बाळ आत झोपलं होतं. "ती बाजारात गेलीया," आत्या म्हणाल्या. "रोज दुपारी जाती. काय आनती कुनास ठावं, पिशवी तर रिकामीच आसती." मी थोडा वेळ थांबलो आणि परतीची गाडी बघायला स्टँडवर आलो.

भोरच्या स्टँडवर दुपारी गर्दी कमी असते. फलाटाच्या टोकाला, जिथं वेल्ह्याकडची गाडी लागते, तिथल्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. शेजारी तपकिरी पिशवी. गाडी लागलेली नव्हती. मग लागली, माणसं चढली, गाडी गेली, त्या उठल्या नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरात, दारात, देवळात, तळ्यावर, कुठंही बाई नुसती बसली की कुणीतरी विचारतंच, काय झालं, अशा का बसलात. एसटी स्टँडवर कुणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, गाडीची वाट बघतायत.

मी जवळ गेलो. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या काखेतली फाईल पाहिली. फाईलच्या पाठीवर आमच्या कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे.

"आत्यांकडं जाऊन आलास?"

"हो."

"बाळ उठलं होतं?"

"नाही, झोपलंय."

"मग हाय अजून थोडा वेळ," त्या म्हणाल्या आणि समोर बघायला लागल्या. समोर काही नव्हतं. डेपोची भिंत, एक उभी गाडी, तिच्यावर पाणी मारणारा माणूस. मी उभा राहिलो. इतक्या वर्षांची सवय, माझी नजर आपोआप पिशवीकडे गेली. त्यांनीही पिशवीकडे पाहिलं. त्यांचा हात थोडासा उचलला गेला आणि परत मांडीवर आला.

"सतीश," त्या म्हणाल्या, "आज उभा ऱ्हा."

मी फाईल दुसऱ्या काखेत घेतली, नाव आतल्या बाजूला करून. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. स्वारगेटची गाडी लागली तेव्हा "येतो" म्हटलं, त्यांनी नुसती मान हलवली. मॅडम घरी नव्हत्या, एवढंच शेठना सांगायचं ठरवलं. ते खोटंही नव्हतं.

गाडीत जागा मिळाली, खिडकीची. वळण घेताना बाक पुन्हा दिसला. पिशवी जागेवर होती आणि मॅडम तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर, रिकामे.